काळी दोनमधलं घोरणं

दुपारी एकला मी बुधवार पेठेतलं दुकान बंद करतो, स्कूटरवरून कर्वेनगरला घरी येतो, जेवतो आणि हॉलमध्ये चटई टाकून आडवा होतो. चाळीस वर्षांत हा क्रम फारसा चुकलेला नाही. दुपारच्या झोपेवरून लोक पुणेकरांची टिंगल करतात. त्यांनी खुशाल करावी. मी तेव्हा झोपलेला असतो.

रात्रीची झोप गरजेची असते, दुपारची आवडीची. तिच्यात माणूस पुरता बुडत नाही. पंखा फिरताना दिसत असतो, खालून भंगारवाल्याची हाक येत असते, स्वयंपाकघरात बायको भांडी पालथी घालत असते, आणि त्याच वेळी मी कुठल्यातरी पेटीच्या आत असतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. पेट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा, वडिलांचाही तोच होता. दिवसभर ज्या पेट्या उघडतो त्या दुपारी डोळे मिटले की पुन्हा उघडतात, आणि आतून घराएवढ्या मोठ्या असतात. मी पट्ट्यांखालून चालत जातो, डोक्यावर पितळेच्या जिभा लुकलुकत असतात, लांब कुठेतरी भाता हळूहळू खाली बसत असतो. बायकोला ही स्वप्नं सांगितली की ती म्हणते, "तिथे तरी कामं वेळेवर करता का?"

या झोपेला साडेतीन वर्षं एका आवाजाची साथ होती. आमची बुलडॉग कुत्री माझ्या उशाशी झोपून घोरायची. श्वास आत घेताना खर्जातली लांब घरघर, मग थोडा वेळ काहीच नाही, मग बाहेर सोडताना ओठांची फुरफुर. एकदा मी शेजारी पेटी ठेवून तिचा स्वर शोधून काढला. काळी दोन निघाली, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. खालच्या सप्तकातली, पण अगदी स्वच्छ काळी दोन. आल्यागेल्याला मी हे अभिमानाने सांगायचो, आणि त्यांचा विश्वास बसला नाही तर पेटी काढून दाखवायचो. फोनवर ते घोरणं रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले. मधल्या त्या शांततेत माझा डोळा लागायचा, हे मला पक्कं आठवतं.

कुत्री मूळची लेकीची. नोकरीला लागल्यावर तिने हौसेने आणली. वर्षभरात कंपनीने लेकीला परदेशी पाठवलं, आणि कुत्री आमच्याकडे राहिली. तिचं खरं नाव इंग्रजी आहे आणि ते माझ्या तोंडी कधी बसलं नाही. मी तिला बाईसाहेब म्हणतो. त्या नावाला ती येते, म्हणजे मनात असेल तर येते. रुंद छाती, वाकडे पाय, बसकं नाक, गालांच्या वळ्या, आणि जगाबद्दल एकूण नापसंती दाखवणारा चेहरा. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ निरखून विचारलं, "जन्मतःच असं आहे, की दार लागलं?"

बायकोने आधी कुत्र्याला घरात घेणार नाही असं जाहीर केलं होतं. पंधरा दिवसांत तीच सकाळ-संध्याकाळ कापसाच्या बोळ्याने त्या वळ्या पुसायला लागली. वळ्या ओल्या राहिल्या तर आतली कातडी लाल होते, खाज सुटते. लेक लहान असताना तिचे कान जसे पुसायची तसंच, तोंडाने काहीतरी पुटपुटत पुसायची. पुटपुटण्यात लेकीच्या तक्रारीही असत. फोन करत नाही, केला तर घाईत असते. बाईसाहेब डोळे मिटून सगळं ऐकून घ्यायची.

झोपताना तिला तोंडात एक लाकडी ठोकळा लागायचा. पॉलिशपेपर गुंडाळून मी ज्या ठोकळ्याने लाकूड घासतो, त्यातला एक जुना. वापरून वापरून त्याच्या कडा गोल झालेल्या आणि त्याला माझ्या तळहाताचा खळगा पडलेला. तो मी घरी आणून टाकला होता, तिने उचलला आणि आपलासा केला. चावायची नाही. नुसता दातांत धरून, मान वर करून, हनुवटी माझ्या उशीच्या काठावर टेकवून झोपायची. उशीवर लाळेचा डाग पडायचा. मला त्याचं काही वाटत नसे. चाळीस वर्षं माझ्या हातात असलेली वस्तू तोंडात धरल्याशिवाय या जिवाला झोप येत नाही, हे मी स्वतःशी बोलायचो आणि मला आतून बरं वाटायचं. लेक गेल्यापासून माझ्यावाचून कोणाचं काही अडतंय असं फारसं उरलं नव्हतं.

सकाळी उजाडताच आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्याने फिरायला जायचो. तिथे गुलमोहराखाली सिमेंटचं एक बाक आहे. त्याच्यापर्यंत आलं की बाईसाहेब थांबायची आणि पोट जमिनीला लावून पसरायची. मी बाकावर बसायचो. कालव्याच्या पाण्यावरून धुकट उजेड सरकत असायचा, पलीकडून कोणीतरी सायकल मारत जायचं, आणि आम्ही दोघं अर्धा तास काही न करता बसायचो. तिला ती जागा आवडते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. बाकाच्या पुढे कालवा कसा दिसतो ते आम्ही कधी पाहिलंच नाही.

गेल्या वर्षी, थंडी ओसरत असताना, येरवड्याहून एक गृहस्थ आले. लेकीने कुत्री ज्यांच्याकडून घेतली होती तेच. पन्नाशीचे, मऊ बोलणारे, आल्या आल्या चपला नीट जोडून दाराशी ठेवणारे. सोफ्यावर न बसता ते सरळ फरशीवर बाईसाहेबापाशी बसले. तिचं डोकं दोन्ही हातांत घेऊन इकडून तिकडून पाहिलं, छातीवर पंजा पसरून माप घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मलाच भरून आलं.

"साहेब, डोकं बघा," ते म्हणाले. "असं डोकं आता मिळत नाही. नाक कसं अगदी आत बसलंय. हिचं एक वेत झालंच पाहिजे."

त्यांच्याकडे एक नर होता, त्याचं डोकं याहून मोठं. पुढच्या वेळी बाईसाहेब माजावर आली की त्यांना कळवायचं, बाकी सगळं ते बघणार. पिल्लांतलं एक आमचं.

मी विचारलं, "मग इथे आणणार का त्याला, की आम्ही तिकडे यायचं?"

ते थोडे संकोचले. "तसं नाही करत यांच्यात. डॉक्टरकडून करून घेतो. इंजेक्शनने. गाईला करतात तसं."

"का?"

"जमत नाही त्यांना. धाप लागते, तोल जातो. आणि बाळंतपण ऑपरेशननेच. पिल्लांची डोकी मोठी, हिची कंबर अरुंद."

बायको चहा घेऊन येत होती, ती तशीच उभी राहिली. "म्हणजे यांचं यांना काहीच करता येत नाही?" तिने विचारलं.

"आता नाही येत, वहिनी." त्यांनी पाकिटातून एक जुना फोटो काढून दाखवला. त्यांच्या वडिलांची कुत्री. तीही बुलडॉगच, पण पाय उंच, नाक पुढे आलेलं, सायकलला टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी ताठ उभी. "ही वडिलांच्या सायकलबरोबर पळायची. आमच्या घरी कोळशाच्या खोलीत एकटीच व्याली, सकाळी उठून बघतो तर पाच पिल्लं. पण आता असं नाक दाखवलं तर गिऱ्हाईक म्हणतं, हा बुलडॉग नाहीच."

फोटो त्यांनी जपून परत ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. आमच्या धंद्यातही हेच चाललंय. हल्ली लोकांना पेटी पातळ हवी असते, हलकी, स्टेजवर चकचकीत दिसणारी. भाता लहान केल्याशिवाय पेटी पातळ होत नाही, आणि भाता लहान झाला की पेटीला दम राहत नाही. मी एकदा एका गायिकेला अशी पेटी करून दिली होती. दिसायला देखणी, आणि लांब तान आली की मधेच मान टाकायची. गायिकेने ती परत आणली नाही, कारण फोटोत छान दिसत होती. मीही ती परत मागितली नाही.

ते गेल्यानंतर घरातली हवा बदलली. दुसऱ्या दिवशी बायकोने वरच्या कपाटातून आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या. आमच्याकडे बाळंतपण ठरलं की अशा धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्यांची दुपटी शिवतात. नवं कापड बाळाच्या अंगाला बोचतं म्हणून. लेकीच्या वेळी तिने सात शिवली होती. आता दुपारी मी आडवा झालो की ती भिंतीला टेकून बसायची आणि धावदोरा घालायची. सुई वर यायची, खाली जायची, बाईसाहेब काळी दोनमध्ये घोरायची, आणि मी पेटीच्या आत चालत जायचो. त्या दिवसांत स्वप्नातल्या पेटीच्या घरांमध्ये लहान लहान पिल्लं झोपलेली असायची, एकेका सुराखाली एकेक. तेवढी गोड झोप मला आयुष्यात कमीच लागली असेल.

एकदा मी तिला चिडवलं, "डोहाळजेवण करणार आहेस का?"

"केलं तर तुम्हाला बोलावणार नाही," ती म्हणाली. मग दोरा दातांनी तोडून हळूच म्हणाली, "घरात काहीतरी लहान असावं हो." चार दुपटी झाली होती.

येरवड्याच्या गृहस्थांनीच सांगितलं होतं की आधी कुत्री एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या, फिट आहे असं लिहून आणा. होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती. सकाळी लवकर आम्ही तिघं रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे लेकीच्या वयाची मुलगी. पूर्वी लस द्यायला तिचे सर असायचे, ही नवीन होती. तिने वजन केलं, दात पाहिले, गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हणाली, "काका, आता हिला बाहेर आवारात तीन मिनिटं भरभर चालवा. ओढायचं नाही, फक्त बरोबर चालायचं. मग मी परत ऐकते."

"ती आळशी आहे," मी आधीच सांगून टाकलं.

"बघू या ना," ती म्हणाली.

आवाराला आम्ही एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीच्या निम्म्यात बाईसाहेब थांबली आणि नेहमीसारखी पोटावर पसरली. मी नेहमीसारखा हसलो. डॉक्टर धावत आली, तिचा ओठ उचलून तिने जीभ पाहिली. जीभ जांभळट झाली होती. ती मी याआधी पाहिली नव्हती, कारण बाकावर बसल्यावर मी कालव्याकडे बघायचो.

आत नेऊन तिला पंख्याखाली ठेवलं, अंगावर गार पाण्याचं फडकं घातलं. तिचा श्वास खाली बसायला किती वेळ लागतो ते डॉक्टर घड्याळ लावून बघत राहिली. मग आमच्याकडे वळून तिने विचारलं, "झोपते कशी?"

हा माझा विषय होता. मी फोन काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. माझ्या धंद्याचं आणि काळी दोनचंही सांगितलं. ती हसली नाही. संपेपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. "हे मधे थांबतं, ते नेहमी थांबतं का?"

"नेहमी," मी कौतुकानेच म्हणालो.

"तेव्हा तिचा श्वास बंद असतो, काका. हवा आत जातच नाही. गुदमरली की अर्धवट जागी होते, घशाचे स्नायू ताणते आणि मग पुढचा श्वास येतो. म्हणजे ॲक्चुअली ती नीट झोपतच नाहीये." तिचा आवाज मऊ झाला. "झोपताना मान वर ठेवते का? तोंडात काही धरते?"

बायकोने ठोकळ्याचं सांगितलं. चाळीस वर्षांचा ठोकळा, यांच्या हाताचा वास, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला बहुतेक अंदाज आला आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"तोंड उघडं राहावं म्हणून धरते ती," डॉक्टर म्हणाली. "नाकाने पुरत नाही तिला. तोंड मिटलं की श्वास कोंडतो. हुशार आहे, तिने स्वतःच उपाय शोधलाय."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. त्यावर कुत्र्यांचे लसीकरणाचे महिने होते.

मग तिने स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही पेट्या दुरुस्त करता ना? ऐका एकदा."

मी तो कानाला लावला, तिने दुसरं टोक बाईसाहेबाच्या गळ्यावर धरलं. सुराच्या पितळी जिभेखाली कचरा अडकला की पेटी जशी वाजते, ते मला झोपेतही ओळखू येतं. भात्यात हवा आहे, भाता ढकलतोय, जीव तोडून ढकलतोय, आणि वाट अरुंद म्हणून स्वर फुटायच्या ऐवजी घरघर निघते. असं गिऱ्हाईक दुकानात आलं तर मी पायरीवरच सांगतो, आत कचरा आहे, ठेवून जा. साडेतीन वर्षं हाच आवाज माझ्या उशाशी होता आणि मी त्याची पट्टी शोधत बसलो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की स्टेथोस्कोप परत देताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने चित्र काढून समजावलं. नाकपुड्या चिरेएवढ्या अरुंद. तोंड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूच्या मागचा मऊ पडदा लांब पडून घशात लोंबतो, प्रत्येक श्वासाला वाटेत येतो. पडदा कापून आखूड करता येतो, नाकपुड्या मोठ्या करता येतात. जेवढ्या लवकर करू तेवढं बरं, कारण वर्षानुवर्षं असं ओढून ओढून घसा आतून सैल होतो. भूल देण्यात धोका आहे, या जातीला तो जास्तच असतो. पण काही न करण्यात रोजच धोका आहे.

बायकोने विचारलं, "आणि पिल्लं?"

"अशा श्वासावर, या उन्हाळ्यात, पोटात पिल्लं वाढवायची..."

"म्हणजे जाईल?"

"जाऊ शकते, काकू. आणि राहिली तरी पिल्लं हाच गळा घेऊन येतील. नरही असाच असेल तर हिच्याहून वाईट."

घरी येताना रिक्षात बाईसाहेब आमच्या दोघांच्या पायांवर आडवी पडली होती. वारं तोंडावर घेत, जीभ बाहेर काढून ती मजेत दिसत होती. तशी ती नेहमीच मजेत दिसते, चेहऱ्याची ठेवणच तशी. एका सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बायको पुढे बघतच म्हणाली, "नको."

"काय नको?"

"वेत नको. आधी हिला श्वास घेऊ दे." आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि रेडिओचा आवाज कमी केला.

येरवड्याच्या गृहस्थांना मी फोनवर न सांगता घरी बोलावलं. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी डॉक्टरचं ते चित्र हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलं. मी त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. मधली शांतता आली तेव्हा मी बोट वर केलं, आवाज परत आल्यावर खाली केलं.

"आमच्याकडे सगळेच असे झोपतात," ते म्हणाले. "माझं घर त्या आवाजाने भरलेलं असतं. मला वाटायचं, कुत्री सुखात आहेत." ते खाली बसले आणि बाईसाहेबाच्या नाकपुडीवर हलकेच अंगठा ठेवून पाहिला, आधी एक, मग दुसरी. "ती डॉक्टर नर तपासते का हो? चालवून?"

तपासते, मी म्हणालो. पुढे त्यांनी आपल्या मोठ्या डोक्याच्या नराला नेलं, आणि त्याला त्या आवारात एक फेरीही पुरी करता आली नाही, हे मला नंतर डॉक्टरकडून कळलं. त्यांनी त्या नराचं काम थांबवलं. आता थोडं लांब नाक असलेली एक जोडी शोधतायत म्हणे. गिऱ्हाईक हसतं त्यांना. मी त्यांना एकदा विचारलं, पुढच्या पिढ्यांत पुन्हा सायकलबरोबर पळणारी होईल का? ते म्हणाले, "माझ्या हयातीत नाही होणार, साहेब. पण चालणारी तर होईल."

लेकीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिकडे एकटी असताना ती माझं रेकॉर्डिंग लावून झोपायची, हे मला माहीतच नव्हतं. "बाबा, ते ऐकलं की मला हॉलमध्ये झोपल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. मग मी तिला तो आवाज कशाचा आहे ते सांगितलं. ती म्हणाली, "मीच आणली ना तिला. मला तिचं ते नाकच आवडलं होतं." आणि रडायला लागली. परदेशी गेल्यापासून ती फोनवर पहिल्यांदाच घाईत नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पाटीवर कारण न लिहिता दुकान बंद ठेवलं. बायकोने चारही दुपटी एकमेकांना जोडून एक मोठी गोधडी केली होती, ती बरोबर आणली आणि टेबलावर घालायला दिली. डॉक्टरने नको म्हटलं नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. दार बंद होताना आतून आलेला तिचा घरघर आवाज मी ऐकला आणि मला एकदम वाटलं, हा शेवटचा ऐकू आला असेल तर? मग तोच आवाज हवासा वाटायला लागला. वाईट, अडकलेला, पण जिवंत. मी देवाला मानतो की नाही याबद्दल आमच्या घरी वाद आहे. त्या सकाळी तो वाद मी बाजूला ठेवला. बायको एका हाताने दुसऱ्या हाताची बांगडी फिरवत होती. समोरच्या भिंतीवर ऊन सरकत खाली आलं, फरशीवर आलं, आमच्या चपलांपर्यंत आलं. मला मधेच डुलकी लागली असावी, कारण मी पेटीत होतो आणि भाता वर उचलत होतो, आणि तो फार जड होता.

दार उघडून डॉक्टर म्हणाली, "जागी होतेय. या."

बाईसाहेब गोधडीवर पडली होती, नाकाला टाके, डोळे धुंद. मी खाली वाकून कान लावला. श्वास आत गेला, बाहेर आला. वाटेत काही नव्हतं.

पुढचे काही दिवस मऊ भात, औषधं, आणि टाके खाजवू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नसराळं. त्यात ती दारांना आपटत हिंडायची. प्राध्यापकांनी विचारलं, "रेडिओ स्टेशन सुरू केलंत का?" मला बरं वाटलं, म्हणजे जग ठिकाणावर होतं.

टाके निघाल्यानंतर एका सकाळी आम्ही कालव्यावर गेलो. बाक आलं. मी सवयीने बसलो. पट्टा हाताला ओढला गेला म्हणून पाहिलं तर बाईसाहेब पुढे निघाली होती. वळून माझ्याकडे बघत होती, आता काय झालं, अशा चेहऱ्याने. मी उठलो. बाकाच्या पुढे कालवा थोडा वळतो, तिथे पाण्यात बाभळी वाकल्या आहेत आणि बगळे बसतात. ती सगळ्यांकडे नापसंतीने बघत चालली होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्या वेळी तिथे बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

पण दुपारी मला झोप येईना. घर फार शांत झालं होतं. मी दर पाच मिनिटांनी उठून तिच्या बरगडीवर हात ठेवायचो. बरगडी वर यायची, खाली जायची. मग कडेला पडलेला तो ठोकळा मी तिच्या तोंडापाशी ठेवला. तिने तो हुंगला आणि नाकाने बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी ठेवला, तिसऱ्या दिवशी ठेवला. एकदाही तिने तो धरला नाही. मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. तिने बरं व्हावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि ती बरी झाली तर माझं मन खट्टू झालं होतं.

बायको गोधडीची एक उसवलेली कड शिवत बसली होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, तिला नकोय तो आता. तुम्हाला हवा असेल तर तुम्ही धरा तोंडात आणि झोपा."

दुकानात मी एक पत्र्याचा डबा ठेवलाय. वडिलांच्या वेळचा. त्यात पेट्यांतून काढलेले बिघडलेले पितळी सूर आहेत, फुटके, काळवंडलेले, घरघरणारे. चांगलं ऐकून ऐकून कान आळसावतो, म्हणून अधूनमधून हेही वाजवून बघावेत, असं वडील सांगायचे. दुसऱ्या दिवशी ठोकळा मी त्या डब्यात टाकला. फोनवरचं रेकॉर्डिंगही पुसलेलं नाही. लेकीने तिचं पुसलं.

त्या दुपारी घरी येऊन मी चटईवर आडवा झालो. पंखा फिरत होता, खालून भंगारवाल्याची हाक आली. बाईसाहेब उठून आली, जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या, आणि उशाशी न झोपता माझ्या पोटाला पाठ लावून पसरली. तोंडात काही नव्हतं. तोंड मिटलेलं होतं, साडेतीन वर्षांत पहिल्यांदा झोपेत मिटलेलं. मी तिचे श्वास मोजायला लागलो. किती मोजले ते आठवत नाही.